हिराक्काचं उघडं गाणं

नागूबाई गात होती म्हणूनच भावाच्या घरात तिच्या ताटात भाकरी पडत होती. असं कुणी तोंडावर म्हणत नसे, पण म्हणायला कशाला पाहिजे? दुबलगुंडीच्या पलीकडं, माळाच्या कडेला धनगरांची एक छोटी वस्ती आहे. मेंढरं आता मोजक्याच घरांत उरली. बाकीचे तूर-सोयाबीन करतात, नाहीतर हुमनाबादला मजुरीला जातात. पण हिराक्काचं गाणं कुणी सोडलं नाही. तुरीची रास झाली की ते गायचं, आणि त्यातला बहिणीचा आवाज गुंडाप्पाच्या घरच्या लेकीनंच लावायचा. गुंडाप्पाची थोरली बहीण नागूबाई तरणीताठी होती तेव्हापासून तो लावत आली होती.

गाणं काय आहे ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. हिराक्का याच वस्तीतली लेक. नवरा मारतो म्हणून सासर सोडून भावाकडं आली. भाऊ म्हणाला, चल, तुला सासरी पोचवतो. तो पुढं, ती मागं. ओढा आला, तिनं पाणी मागितलं. भाऊ म्हणाला, अजून थोडं पुढं. बाभळ आली, तिनं पाणी मागितलं. अजून थोडं पुढं. मग माळावरचा दगड आला, आणि भावानं लोकर कातरायची कातर काढून बहिणीच्या गळ्यावर चालवली. आता मरता मरता ती काय म्हणते ते ऐका.

दोष न्हाई दादा तुझा, म्याच उंबरा सोडला,
तुझ्या मेंढरांच्या मागं माझा जीव जोडला.

झाली देवी. वस्तीनं दगडाला शेंदूर फासला आणि हात झटकून मोकळी झाली. ज्यानं मारलं त्याचं नावसुद्धा गाण्यात नाही, आणि जिला मारलं तिच्याच तोंडून माफी. असलं गाणं लोक डोळे पुसत ऐकायचे आणि वर म्हणायचे, काय गोड गळा हाय नागूबाईचा.

त्याची रीतही तशीच कडक. घरची एखादी लग्न झालेली लेक हिराक्का व्हायची. ती हातात रिकामा तांब्या घेऊन भावाच्या मागनं चालायची. भाऊ खांद्यावर भरलेली घागर घेऊन पुढं. ओढ्यापासून दगडापर्यंत तिचं मागणं नागूबाई गायची, 'अजून थोडं पुढं' भावानं स्वतः म्हणायचं. दगडाशी माफीची ओळ झाली की घागर दगडावर ओतायची. मग गाणं मिटलं म्हणायचं. आणि हिराक्का झालेल्या लेकीनं तिथनंच थेट सासरी जायचं, माहेरच्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावायचा नाही, निदान वर्षभर तरी. गाणं सुरू होऊन मिटलं नाही तर ते उघडं राहिलं. उघड्या गाण्याच्या घरातनं लेक जात नाही, त्या घरात सून येत नाही, आणि जे घर हे मोडेल त्याच्या दावणीला जनावर टिकत नाही. पोलिसाला न भिणारी माणसं, लांबचे सोयरेसुद्धा, याला भीत.

तर त्या वर्षी रास अंगणात होती आणि धनलक्ष्मी आली. गुंडाप्पाची लेक. आई लहानपणीच गेलेली, तिला नागूबाईनंच न्हाऊ-माखू घालून मोठं केलेलं. अफजलपूरच्या बाजूला, भीमेच्या काठावर, सिद्धप्पा नावाच्या ऊसवाल्याच्या घरात ती दिली होती. कलबुर्गीला बस बदलून, हुमनाबादला बस बदलून ती आली, पायात चप्पल नाही, डाव्या हाताला ओढणी गुंडाळलेली. नागूबाईनं ओढणी सोडली. मधली दोन बोटं काळीनिळी, वाकडी. नवऱ्यानं, सिद्धप्पाच्या लेकानं, त्या ईरण्णानं, बोटं दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं. कामून, तर भाजीत मीठ नव्हतं म्हणे. नागूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं हळद-चुना लावला, हाडवैद्याकडं नेलं, पण बोटं काही पुरती वळेनात.

गुंडाप्पानं ती बोटं पाहिली आणि मान दुसरीकडं वळवली. आणि धनलक्ष्मीचा भाऊ अनिलकुमार, हुमनाबादला मालाचा टेम्पो चालवणारा, पंचवीस वर्षांचा गडी, त्याला बहिणीच्या बोटांपेक्षा बसचा राग जास्त आला. बायकांना बस फुकट झाल्यापासून जरा कुठं खट्ट झालं की पिशवी घेऊन निघतात म्हणे. आधार कार्ड दाखवलं की माहेर. नागूबाईनं त्याला विचारलं, तुझी बोटं दारात घालू का, बस फुकट असो नाहीतर पैशाची. तो तिच्याकडं न बघताच बाहेर गेला.

त्याला घाई होती ती वेगळीच. कमठाण्याची पोरगी त्याला सांगून आली होती, बोलणी होत आली होती. घरात टाकलेली बहीण बसली आहे असं कळलं तर ती माणसं मागं फिरतील याची त्याला धास्ती. बाप-लेकांनी ओसरीवर बसून ठरवून टाकलं. गाण्याचा दिवस आलाच आहे. यंदा हिराक्का धनलक्ष्मी. सिद्धप्पाला फोन केला, जीप घेऊन या, लेक दगडापासनं तुमच्या हवाली करतो. मारून-मुटकून कशाला पाठवायची? देवीच पाठवते म्हटल्यावर कोण बोलणार. नागूबाई चुलीपुढं भाकरी थापत हे सगळं ऐकत होती. ऐकू जावं म्हणूनच ते मोठ्यानं बोलत होते.

हात धुऊन ती ओसरीवर आली. गुंडाप्पाला म्हणाली, मी गाणार नाही.

गुंडाप्पाला वाटलं, म्हातारी रुसली असेल. त्यानं समजावलं, अक्का, रीत मोडून कसं चालेल, वस्ती तोंडात शेण घालील. नागूबाई म्हणाली, शेण खाल्लं तर घालतीलच. मग त्याचा आवाज चढला. तुला घरात घेतलं ते विसरलीस का, असं तो म्हणाला, आणि खरं तर तिथंच सगळं फाटलं. नागूबाईचा नवरा मेला तेव्हा ती या घरात परत आली होती आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. गुंडाप्पा स्वतः बैलगाडी घेऊन आणायला गेला होता. तिच्या डोक्यात ते आत्ता लख्ख उजाडलं.

"नवरा मेला म्हणून आले तर चाललं," ती म्हणाली. "मारायलाय म्हणून पोरगी आली तर गाणं आडवं येतं व्हय? मरायची वाट बघायची का तिनं, त्याच्या न्हाईतर सोताच्या?"

उत्तर अनिलकुमारनं दिलं. तो शांतपणे म्हणाला की आत्यानं न गायलं तर बिघडत नाही. मागच्या वर्षीचं सगळं गाणं त्याच्या मोबाइलमध्ये आहे. टेम्पोचा स्पीकर लावला की झालं. आवाज तिचाच, मग ती असली काय नि नसली काय.

आयुष्यात पहिल्यांदा नागूबाईला स्वतःच्या गळ्याची भीती वाटली.

पुढचे दिवस घरात असे गेले की भांडं भांड्याला लागलं तरी दचकावं. धनलक्ष्मी आत्याला चिकटून असायची. पळून जाऊ म्हणावं तर कुठं? मामा-मावशी सगळे याच गाण्याचे. हुमनाबादच्या पोलिसांकडं जाऊ, असंही नागूबाईनं एकदा काढलं. धनलक्ष्मी म्हणाली, अफजलपूरला गेले होते आत्या, एकदा. त्यांनी नवऱ्यालाच फोन लावून बोलवून घेतलं, आणि त्या दिवशी घरी गेल्यावर जे झालं ते मी तुला सांगणार नाही. तिनं खरंच सांगितलं नाही. फक्त एवढं म्हणाली, की या वेळी परत गेले तर तो मला जिती ठेवणार नाही. डोळ्यात पाणी नव्हतं तिच्या. बाजारहाट सांगावी तसं सांगितलं.

गाण्याच्या दिवशी सिद्धप्पा जीप घेऊन आला. जाड मिशा, खांद्यावर टॉवेल, सोबत ईरण्णा. जावई म्हणून त्याला पाट-पाणी झालं, गोडाधोडाचं जेवण झालं. ज्या हातानं दार लोटलं तोच हात ताटात बुडवून तो श्रीखंड चाटत होता, आणि त्याला वाढत होतं ते धनलक्ष्मीच्याच बापाचं घर. आग लागो असल्या पाहुणचाराला. नागूबाई परसात बसून राहिली. तिला कुणी जेवायला बोलावलं नाही.

उन्हं कलायच्या आधी सगळी वस्ती ओढ्याशी जमली. ढोलवाल्या म्हाताऱ्यानं ढोल तापवला. धनलक्ष्मीला हिरवं लुगडं नेसवलं, हातात रिकामा तांब्या दिला. दोन्ही हातांनी धरायची रीत, पण डाव्या हाताच्या वाकड्या बोटांत तो बसेना, तिनं मनगटानं छातीशी दाबून धरला. अनिलकुमारनं घागर खांद्यावर घेतली, खिशातनं मोबाइल काढला, आणि टेम्पोवरच्या स्पीकरमधनं नागूबाई गायला लागली.

उगवतीला निघाली हिराक्का, भावाच्या पाऊलमागं,
सारी वस्ती झोपलेली, कुणीच न्हाई जागं.

नागूबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिचं तोंड मिटलेलं, आणि तिचा आवाज माळभर. बायका तिच्याकडं वळून बघत होत्या. ओढा झाला. बाभळ झाली. स्पीकरमधल्या नागूबाईनं कळवळून पाणी मागितलं, अनिलकुमारनं ठणकावून सांगितलं, अजून थोडं पुढं. दगड आला. आणि तिच्याच गोड गळ्यातनं, मुरकी घेऊन, ती ओळ आली. दोष न्हाई दादा तुझा. दोन-तीन म्हाताऱ्यांनी नेहमीसारखा पदर डोळ्याला लावला. नागूबाईला वाटलं, आपल्याच तोंडात आपण थुंकावं. घागर दगडावर रिकामी झाली. सिद्धप्पानं टॉवेल झटकला आणि जीपचं दार उघडलं. ईरण्णानं बायकोचा दंड धरला.

धनलक्ष्मीनं मागं वळून पाहिलं नाही. तिला ठाऊक होतं, मागं कुणी नाही.

तेवढ्यात नागूबाई घोळक्यातनं पुढं आली, दगडाच्या समोर उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं.

उगवतीला निघाली हिराक्का, भावाच्या पाऊलमागं.

एवढी एकच ओळ. नीट, सुरात, शेवटपर्यंत. आणि तिनं ओठ मिटले.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग ढोलवाल्या म्हाताऱ्याच्या आलं. त्यानं ढोल गळ्यातनं काढून खाली ठेवला. गाणं उघडलं, तो म्हणाला. माळावर जीपचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. गुंडाप्पाचा चेहरा राखेसारखा झाला. आपण काय खेळ मांडला होता आणि तो कुणीकडं उलटला, हे त्याला तेव्हा समजलं.

अनिलकुमार मात्र मोबाइलकडं धावला. पुन्हा लावतो म्हणाला, पुन्हा मिटवतो. म्हाताऱ्यानं त्याला हातानं अडवलं. यंत्रानं उघडलं ते यंत्रानं मिटवलं, चालून गेलं असेल, देवीला ठाऊक. पण हे आता माणसानं उघडलं, हे माणसालाच मिटवावं लागेल, आणि मिटवणारी लेक या घरात ही एकच. असं म्हणून तो चालायला लागला. त्याच्या मागनं दोघं-चौघं गेले.

सिद्धप्पानं ईरण्णाचा हात सुनेच्या दंडावरनं काढला. त्याच्या गोठ्यात गाई होत्या, म्हशी होत्या, उसाला पाण्याची पाळी चालू होती. उघड्या गाण्याची सून घेऊन तो उंबरा ओलांडणार नव्हता. गुंडाप्पाला त्यानं वस्तीसमोर नको ते ऐकवलं. बहिणीला आवरता येत नाही आणि लेकी पोचवायला निघालाय, असंही म्हणाला. नागूबाईनं डोळ्याला डोळा देऊन ऐकून घेतलं. मग जीप रिकामीच गेली, धुरळा उडवत. ईरण्णा खिडकीतनं धनलक्ष्मीकडं असा बघत होता की ती आत्याच्या मागं सरकली.

त्या दिवसापासून घरात नागूबाईचं ताट वेगळं झालं. ताट कसलं, तिनं आणि धनलक्ष्मीनं गोठ्याच्या कडेला चूल मांडली. गुंडाप्पा बहिणीशी बोलेना. वस्तीतल्या बायका पाण्यावर भेटल्या की घागर उचलून निघून जायच्या. त्यातल्या एखादीचे गाल सुजलेले असायचे, पण तीसुद्धा निघून जायची. कुणी म्हणालं, म्हातारीच्या अंगात आलंय. कुणी म्हणालं, अंगात न्हाई, डोक्यात गेलंय. एकदा भाकरीच्या टोपलीत कुणीतरी माती टाकली. नागूबाईनं माती झाडली आणि भाकरी खाल्ली. माघार तिला ठाऊक असती तर इतकी वर्षं त्या गळ्यानं त्या माळावर उभी राहिली नसती, असं ती स्वतःला सांगायची. पण झोप लागायची नाही हेही खरं.

गाठ दोन्ही घरांना बसली होती. सिद्धप्पाला लेकाची दुसरी सोयरीक करायची होती, पण पहिलीचं गाणं उघडं आहे हे कळलं की मुलीवाले चहासुद्धा न पिता उठायचे. उन्हाळ्यात त्यानंच निरोप धाडला, काडीमोड घ्या, आणि पंचांसमोर मोडून टाकलं. धनलक्ष्मीची पेटी आणि दोन भांडी टेम्पोतनं परत आली. माया उतू गेली म्हणून नव्हे, त्यांना नवी सून पाहिजे होती म्हणून. ईरण्णाला कुणी एका शब्दानं बोललं नाही. पंचांनी धनलक्ष्मीलाच विचारलं, तुझी काही चूक झाली असली तर सांग. ती म्हणाली, मीठ न्हाई पडलं. पंच हसले.

आता राहिला अनिलकुमार. कमठाण्याच्या लोकांनी साफ सांगितलं, आधी गाणं मिटवा, मग हळद. त्यांना पोरीसाठी दुसरं स्थळ आलं होतं. आठ दिवसांत काय ते सांगा म्हणाले.

नागूबाई शेतात तुराट्यांच्या पेंढ्या बांधत होती. अनिलकुमार बांधावरनं तरातरा आला. आधी नीट बोलला. आत्या, धनलक्ष्मीचं झालं ना तुझ्या मनासारखं, आता म्हण ती ओळ. नागूबाई म्हणाली, ती ओळ मी या जन्मी म्हणणार नाही. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पेंढी आवळली, मान हलवली. मग त्याचा तोल सुटला. त्यानं तिचा गळा धरला आणि तिला तुराट्यांच्या ढिगाऱ्यावर रेटलं. धनलक्ष्मी पाणी घेऊन बांधावर आली होती. तिच्या हातातनं कळशी सुटली.

नागूबाईला श्वास येईना. डोळ्यापुढं पिवळं झालं. पण अनिलकुमारची बोटं तिच्या गळ्यावर होती तेव्हा तिला एक हसू यायला लागलं, विचित्र, खोकल्यासारखं. त्याला ते जाणवलं असावं, पकड जरा ढिली झाली.

"दाब की," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कामून थांबलास? ह्याच गळ्यातनं गाणं मिटायचं हाय. दाबलास तर ते जन्मभर उघडं. मग बस अंगणात बिनलग्नाचा, दाढी पिकूस्तोवर."

त्याचे हात गळून पडले. तो मागं सरकला आणि आपल्याच पंजांकडं बघत राहिला. धनलक्ष्मी धावत येऊन दोघांच्या मध्ये उभी राहिली, वाकड्या बोटांची मूठ करायचा प्रयत्न करत. मूठ झाली नाही, पण ती हलली नाही.

नागूबाई बराच वेळ खोकत राहिली. मग म्हणाली, "बस खाली. ऐक. हिराक्का कातरीनं मेली न्हाई. पाणी मागितलं अन् न्हाई दिलं, तितंच मेली ती. खांद्यावर भरल्याली घागर कुणाच्या असती रं? आजवर एकाबी भावाच्या ध्यानात आलं न्हाई. गाणं मिटवायचं तुझ्याबी हातात हाय."

त्याला कळलं की नाही ते कळेना. उठला, चपला झटकल्या आणि गेला. त्या दिवशी गुंडाप्पानं बहिणीच्या गळ्यावरचे वळ पाहिले. बैलगाडी घेऊन आणायला गेलेला हाच भाऊ. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः घरोघरी जाऊन सांगितलं, गाणं मिटवायचं आहे, ओढ्याशी या.

सगळे आले. कमठाण्याचीही माणसं आली, खात्री करायला. धनलक्ष्मीला पुन्हा हिरवं लुगडं, हातात रिकामा तांब्या. अनिलकुमारच्या खांद्यावर घागर. मोबाइल आणलाच नव्हता. ढोल वाजला आणि नागूबाई गायला लागली. गळा अजून दुखत होता, आवाज फाटत होता, कुणी त्याला गोड म्हटलं नसतं. पहिली ओळ मागंच झाली होती, म्हणून ती दुसरीपासनं लागली. अनिलकुमार पुढं, धनलक्ष्मी मागं. ओढा आला. कोरडा ठाक, नुसते गोटे.

पहिला ओढा आला दादा, घसा झाला कोरडा,
ओंजळभर पाणी दे रं, जीव व्हायलाय थोडा.

ढोल थांबला. इथं भावानं बोलायचं. वस्तीतल्या साऱ्यांच्या ओठांवर ते शब्द आपोआप आले, अजून थोडं पुढं, अजून थोडं पुढं. पोरासोरांना पाठ ते. अनिलकुमार पाठमोरा उभा होता. त्याच्या मानेवरच्या शिरा ताठ झालेल्या. गावासमोर, होणाऱ्या सासऱ्यासमोर, ज्या रीतीवर तो वाढला ती मोडायची. आणि कुणासाठी? ज्या म्हातारीनं त्याला तोंडघशी पाडलं तिच्यासाठी. नागूबाईला स्वच्छ दिसत होतं की तो मनातल्या मनात तिला शिव्या देतोय. दे बाबा, ती मनात म्हणाली, शिव्या दे, पण वळ.

ढोलवाल्या म्हाताऱ्यानं हळूच पुढचा ठोका दिला, त्याला आठवण करून द्यायला.

अनिलकुमार वळला. खांद्यावरनं घागर उतरवली, आदळावी तशी. धनलक्ष्मीकडं न बघता त्यानं ती तिरकी केली आणि रिकाम्या तांब्यात पाणी पडलं, तांब्या भरला, वरनं वाहायला लागलं, तिचं लुगडं भिजलं तरी तो ओततच राहिला.

"पी," तो म्हणाला. "पी अन् सुट एकदाची."

धनलक्ष्मीनं तांब्या उजव्या हातात धरून, डाव्या मनगटाचा टेकू देऊन तोंडाला लावला. ती घटाघटा प्यायली, खरोखर तहानलेल्या माणसासारखी, आणि सगळी वस्ती तिच्या गळ्याकडं बघत होती. कुणीतरी कुजबुजलं, आता पुढं काय? ढोलवाल्यानं नागूबाईकडं पाहिलं. तिच्याजवळ पुढची ओळच नव्हती. प्यायला मिळालेली बहीण बाभळीपर्यंत कशाला जाईल? दगडापर्यंत कशाला जाईल? म्हाताऱ्यानं थोडा विचार केला, ढोल गळ्यातनं काढला आणि म्हणाला, मिटलं.

कमठाण्याच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं आणि माना डोलावल्या. काही बायका हळूहळू पांगायला लागल्या. एकीनं, जिचे गाल नेहमी सुजलेले असत तिनं, जाता जाता धनलक्ष्मीच्या ओल्या पदराला हात लावला आणि तो हात आपल्या तोंडावरनं फिरवला.

अनिलकुमार घागर उचलून निघाला होता. नागूबाई त्याच्या वाटेत उभी राहिली. इतकी वर्षं ती या वाटेनं पाणी मागत आली होती, दरसाल, साऱ्या वस्तीच्या कानावर, आणि तिला आत्ता समजलं की तिचा घसा तेव्हापासून कोरडाच आहे. तिनं दोन्ही हातांची ओंजळ त्याच्यापुढं धरली. गळ्यावर त्याच्या बोटांचे वळ अजून हिरवे होते.

"मलाबी दे," ती म्हणाली.

त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती, पुढंही कधी आली नाही; लग्नानंतरही तो तिच्याशी बोलला नाही. पण वस्ती बघत होती आणि घागर त्याच्या हातात होती. त्यानं ती वाकवली. तळाशी राहिलेलं सगळं पाणी नागूबाईच्या ओंजळीत गेलं.

माळावरचा दगड त्या दिवशी कोरडाच राहिला.